लहान मुलांना घेऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्पेन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण स्पेनला जाऊन आलो. मी, नवरा, सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. आल्यापासून ओळखीतल्या चार-पाच घरांनी तेच तेच प्रश्न विचारले म्हणून म्हटलं एकदाच बसून नीट लिहून काढू.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी जाण्याआधी आम्हाला कोणी सांगितली नव्हती आणि बाकीचं सगळं प्लॅनिंग खरं तर तिच्यावरच उभं राहतं. स्पेन उशिरा जेवतं आणि उशिरा झोपतं, आणि आपल्याकडून गेलेलं लहान मूल पहिले चार दिवस बरोबर उलटं चालतं. ऑक्टोबरात तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ असतात, म्हणजे पोर सहाला जांभया द्यायला लागतं आणि रेस्टॉरंटचं किचन साडेआठच्या आधी उघडत नाही. पहाटे साडेतीनला तेच पोर टक्क जागं, आणि ऑक्टोबरच्या शेवटाकडे सूर्य उगवतो सव्वाआठ-साडेआठला. तेव्हा कुठे काय बघायचं हे नंतर ठरवा, आधी मुलांचं घड्याळ समोर ठेवा आणि त्यात स्पेन बसवा. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

पहिली पायरी: तारखा आणि दिशा

स्पेन एका ट्रिपमध्ये होत नाही, मुलांबरोबर तर नाहीच. सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला जात असाल तर माद्रिद-वॅलेन्सिया-बार्सिलोना ही बाजू घ्या, समुद्राचं पाणी तेव्हा अजून कोमट असतं, आणि बार्सिलोनात २४ सप्टेंबरच्या आसपास ला मेर्से नावाचा शहराचा उत्सव असतो, त्यात माणसांवर माणसं चढून मनोरे रचतात, आपल्या दहीहंडीसारखेच, आणि सगळ्यात वर चढतं ते हेल्मेट घातलेलं लहान मूल. आपल्या मुलांना हे बघताना कोणाला काही समजवावं लागत नाही. सप्टेंबरात सेविया मात्र टाळा, तिथे तेव्हाही दुपारी ३०च्या वर तापमान असतं.

दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जात असाल तर दक्षिणेला जा. माद्रिद, कोर्दोबा, सेविया, ग्रानादा. ऑक्टोबरच्या मध्यात सेवियात दिवसा साधारण २५-२६ डिग्री असतं, माद्रिदला १९-२०, आणि ग्रानादा डोंगराच्या पायथ्याशी असल्यामुळे रात्री चांगलीच थंडी. आम्ही हेच केलं आणि परत गेले तरी हेच करेन.

दोन तारखा लक्षात ठेवा, १२ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी आणि १ नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस. त्या दिवशी सुपरमार्केटं बहुतेक बंद आणि हॉटेलं महाग. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, मग भारताशी फरक साडेचार तासांचा होतो आणि सहा-सव्वासहाला अंधार पडायला लागतो. बदल नेमका ट्रिपच्या मध्ये येत असेल तर त्या रविवारी ट्रेन किंवा वेळ ठरलेलं तिकीट ठेवू नका.

आणि पाऊस. पूर्व किनाऱ्यावर याच दिवसांत दाना नावाचा प्रकार होतो, वरच्या थरात थंड हवा अडकते, खाली समुद्र अजून गरम, आणि काही तासांत महिन्याचा पाऊस कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला वॅलेन्सियाच्या आजूबाजूला आलेल्या पुरात दोनशेपेक्षा जास्त माणसं गेली. घाबरून ट्रिप रद्द करायची गरज नाही, पण तिथल्या हवामान खात्याचं, आएमेतचं, अॅप फोनमध्ये घ्या आणि नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी मुलांना घेऊन बाहेर पडू नका. फोन अचानक कर्कश्श वाजला आणि स्क्रीनवर स्पॅनिश मेसेज आला तर तो सरकारी अलर्ट असतो, लगेच भाषांतर करून वाचा.

दुसरी पायरी: व्हिसा, आणि हे चार महिने आधी

शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाही, जून-जुलैतच हात घाला. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना नाही, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोच्या कव्हरचा हवा, तो प्रत्येकाच्या नावावर, आजी-आजोबांचा वेळेत बघा कारण वयाप्रमाणे प्रीमियम वाढतो.

मुलांच्या बाबतीत दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे पासपोर्ट, आपल्याकडे लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असावा लागतो, आमच्या मुलीचा नेमका त्या डिसेंबरात संपत होता, शेवटच्या क्षणी लक्षात आलं आणि रिन्यू होईपर्यंत सगळं अडकून पडलं. दुसरं, जन्म दाखला आणि दोन्ही पालकांच्या सह्या, एकच पालक नेत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं कॅन्सल करता येतील अशीच बुक करा.

तिथे उतरल्यावर, ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात पासपोर्टवर शिक्क्याच्या ऐवजी फोटो आणि ठसे घ्यायची नवी पद्धत आलीय, लहान मुलांचा फक्त फोटो. लाईन लांब असू शकते, खाऊ आणि पाण्याची रिकामी बाटली हाताशी ठेवा.

तिसरी पायरी: तीन मुक्काम, जास्त नाही

बारा रात्री असतील तर माद्रिद चार, सेविया पाच, ग्रानादा दोन, आणि शेवटची एक परत माद्रिद. कोर्दोबाला मुक्काम नको, माद्रिद-सेविया लाईनवरच आहे, सेवियाहून फास्ट ट्रेनने पाऊण तास, एका दिवसात जाऊन येता येतं. मला माहितीय, घरातलं कोणीतरी म्हणणार की एवढे पैसे घालून चाललोय तर बार्सिलोना पण करूच. करू नका. सेविया ते बार्सिलोना थेट ट्रेनलाही साडेपाच तास लागतात, आणि प्रत्येक मुक्काम बदलायचा म्हणजे बॅगा भरणं, चेक-आउट, नवीन घर, नवीन पलंग, त्यात मुलांचे दोन दिवस जातात.

ट्रेन मात्र फार सुंदर. आवे म्हणजे तिथली हायस्पीड, माद्रिद-सेविया अडीच तासांच्या आसपास. रेन्फे ही सरकारी कंपनी, शिवाय काही मार्गांवर इर्यो आणि विगो पण आहेत, आधी बुक केलं तर तिकीट बरंच स्वस्त पडतं. रेन्फेमध्ये चार वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट घेतली नाही तर पैसे पडत नाहीत पण त्याचं शून्य रुपयांचं तिकीट काढावंच लागतं, बुकिंग करताना मुलाचा आकडा टाकायला विसरू नका. आम्ही एका तिसऱ्याच साइटवरून काढलं होतं, तिथे ते झालंच नाही आणि स्टेशनवर खिडकीशी अर्धा तास गेला. हायस्पीड स्टेशनवर बॅगा स्कॅन होतात आणि गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो, तेव्हा अर्धा-पाऊण तास आधी पोचा. एक शांत डबा पण असतो, कमी उजेडाचा, बोलायचं नाही असा, मुलांबरोबर तिथली सीट चुकूनही घेऊ नका.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परमिट हवं, आणि १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मागच्या सीटवर चाइल्ड सीटमध्येच बसवावं लागतं. शहरातल्या टॅक्सीला यातून सूट आहे. या रूटला गाडीची गरज नाही, जुन्या गावांमधल्या गल्ल्यांत ती डोकेदुखीच होते.

चौथी पायरी: राहायचं कुठे

हॉटेलच्या एका खोलीत चार-पाच जण सहसा बसू देत नाहीत, दोन खोल्या घ्याव्या लागतात. त्यापेक्षा किचन आणि वॉशिंग मशीनवालं अपार्टमेंट. बुक करताना तीन गोष्टी विचाराच, लिफ्ट आहे का, हीटिंग आहे का, आणि बाळ असेल तर कूना मिळेल का, कूना म्हणजे पाळणा-कॉट. लिफ्टचं एवढ्यासाठी की तिथे पहिला मजला म्हणजे पहिलाच असेल असं नाही. जुन्या इमारतींमध्ये तळमजल्याच्या वर एन्त्रेस्वेलो, त्याच्यावर प्रिन्सिपाल, आणि मग कुठे पहिला सुरू होतो, झोपलेलं पोर खांद्यावर आणि स्ट्रोलर हातात घेऊन हे जिने चढताना फरक कळतो. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांचे पासपोर्ट मागतात, मुलांचे पण, तो तिथला कायदाच आहे.

जागा अशी बघा की खाली चौक आणि चौकात घसरगुंडी असेल. स्पेनमध्ये असे चौक पावलोपावली असतात, संध्याकाळी सहा-सात वाजता शाळेतली पोरं, त्यांचे आजी-आजोबा, सगळे तिथेच. माझ्या मुलाने तिथे एकही शब्द न कळता रोज दोन तास खेळून काढले आणि सासूबाई एका स्पॅनिश आजींच्या शेजारी बाकावर बसून हातवाऱ्यांनी गप्पा मारायच्या.

पाचवी पायरी: कोणती तिकिटं आधीच काढायची

खरं तर एकच, ग्रानादाचं अल्हाम्ब्रा, म्हणजे टेकडीवरचा जुना किल्ला आणि राजवाडे. व्हिसा आला की त्याच दिवशी हे काढा, सुट्ट्यांच्या दिवसांत आठवडे आधी संपतं. तिकिटावर नावं आणि पासपोर्ट नंबर असतात, आणि आतल्या नासरी राजवाड्यांची वेळ ठरलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. १२ वर्षांखालच्या मुलांना फुकट पण त्यांचंही तिकीट काढावं लागतं. मुख्य गेटपासून राजवाड्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालायचंय, मुलांच्या चालीने अर्धा तास धरा. राजवाड्यांत स्ट्रोलर नेता येत नाही, म्हणून लहानग्यासाठी कॅरियर घेऊन जा. सकाळची वेळ घ्या. आधी राजवाडे, मग हेनेरालिफेच्या बागा, तिथे पाण्याचे पाट आणि कारंजी आहेत, मुलं खूश होतात. खालून गावातून सी-३० नंबरची छोटी लाल बस वर जाते, चढण चालत चढू नका.

बाकी ठिकाणं अशी. माद्रिदला प्रादो म्युझियम १८ वर्षांखालच्यांना फुकट, आणि सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ सगळ्यांनाच फुकट, पण ती वेळ आपल्या मुलांच्या झोपेची म्हणून सकाळी पैसे भरून जा आणि एका तासात बाहेर या. वेलास्केसचं १६५६ मधलं लास मेनिनास बघा, मधोमध पाच वर्षांची राजकन्या, बाजूला पेंगणारा मोठा कुत्रा, आमची मुलगी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभी होती आणि आरशात कोण दिसतंय ते तिनेच शोधलं. मग जवळच रेतिरो बाग, तळ्यात वल्ह्याच्या होड्या. ट्रेनवेड्या मुलांसाठी देलिसियास या जुन्या स्टेशनात रेल्वे म्युझियम आहे. एक दिवस सेगोव्हिया, चामार्तिन स्टेशनवरून अर्ध्या तासाच्या आत, मग लोकल बस. रोमन लोकांनी चुना न वापरता नुसते दगड एकमेकांवर बसवून उभारलेला पाण्याचा पूल, जवळजवळ २८ मीटर उंच, मान वर करून बघावं लागतं.

सेवियात हिराल्दा या पूर्वी मशिदीच्या असलेल्या मनोऱ्याला जवळजवळ वरपर्यंत पायऱ्या नाहीत, उतार आहेत, पस्तीसच्या आसपास, फक्त शेवटी थोड्या पायऱ्या, अजान द्यायला वर घोड्यावरून जाता यावं म्हणून तसे बांधले असं सांगतात. तीन वर्षांचा पोरगा स्वतः चढला. प्लासा दे एस्पान्या ही १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेली अर्धगोल इमारत, प्रांतांच्या नावाने रंगीत टाइल्सचे ४८ कोनाडे, समोर कालवा आणि होड्या, शेजारी मारिया लुइसा बाग, इथे अख्खा दिवस आनंदाने जातो. रस्त्यात झाडांवर संत्री लटकलेली दिसतील, या दिवसांत हिरवी असतात, मुलं तोडायला धावतात पण ती फार कडू जातीची, मार्मालेडची. कोर्दोबाची मेस्कीता, म्हणजे जुनी मशीद, तिथे साडेआठशेवर खांब आणि त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, मुलांना खांब मोजायचं काम द्या.

सहावी पायरी: जेवण, सगळ्यात जास्त विचार इथे करा

दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, मग चार ते साडेआठ बहुतेक किचनं बंद. आमचा जो क्रम बसला तो सांगते. मोठं जेवण दुपारी पावणेदोनला बाहेर. सोमवार ते शुक्रवार मेनू देल दिया मिळतो, ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, ब्रेड, एक पेय आणि गोड, दोन मोठ्यांच्या ताटात एक लहान मूल आरामात जेवतं. संध्याकाळी साडेपाच-सहाला तिथल्या मुलांची मेरिएन्दा असते, म्हणजे आपलं मधल्या वेळचं खाणं, तेव्हा आपणही चुर्रो आणि घट्ट चॉकलेट किंवा सँडविच द्यायचं, आणि साडेसातला घरी वरण-भात. बास. नऊ वाजता रेस्टॉरंटात पेंगणाऱ्या पोरांना बसवायचा हट्ट आम्ही पहिल्या दोन रात्री केला आणि सगळेच रडवेले झालो.

शाकाहारी असाल तर नुसतं व्हेजिटेरियन सांगून भागत नाही. सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, हे तिन्ही म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको, हॅम नको. सँडविच वेहेताल असं लिहिलेलं असेल तरी त्यात ट्युना असतो. मसुराच्या आमटीत, लेन्तेहासमध्ये, बहुतेक वेळा चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. क्रोकेतासमध्ये हॅम. साल्मोरेहो हे गार टोमॅटो सूप मस्त, पण वर हॅमचे तुकडे आणि अंडं टाकून आणतात. अंडं चालत असेल तर मात्र तोर्तिया दे पातातास, बटाट्याचं जाड ऑम्लेट, कुठेही कधीही मिळतं आणि मुलं तेच मागत राहतात.

सासूबाई अंडंही खात नाहीत, त्यांच्यासाठी सापडलेलं सांगते. सेवियात एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, पालक आणि काबुली चणे, जिरं घातलेलं, त्या म्हणाल्या घरचंच वाटतंय. बेरेनहेनास कोन मिएल, म्हणजे वांग्याचे पातळ काप तळून वर उसाचा गडद पाक, चक्क काकवी. पिमिएन्तोस दे पाद्रोन, तव्यावर भाजलेल्या छोट्या मिरच्या, मीठ घातलेल्या, बहुतेक गोड निघतात पण एखादी झणझणीत असते, मुलांना आधी चावून बघून द्या. पान कोन तोमाते, म्हणजे टोमॅटो लावलेला ब्रेड. पिस्तो ही मिक्स भाजी, वर अंडं टाकतात ते सिन वेव्हो म्हणून काढायला सांगा. या दिवसांत कोपऱ्या-कोपऱ्यावर भाजलेल्या कास्तान्या, म्हणजे चेस्टनट, मिळतात, कागदाच्या पुडीत गरमागरम, आणि ग्रानादा म्हणजेच डाळिंब, गावाच्या नावातच आहे, रस्त्यावरच्या खांबांवरसुद्धा डाळिंब कोरलेलं दिसतं, मुलांना ते शोधायला सांगा.

घरी शिजवायला सुपरमार्केटात सगळं मिळतं. गोल तांदूळ, लेन्तेहा रोहा म्हणजे मसूर डाळ, बरणीत उकडलेले चणे, साधं दही. माद्रिदच्या लावापिएस भागात आपल्याकडच्या मसाल्यांची दुकानं आहेत. सेवियात रविवारी सुपरमार्केट बहुतेक बंद, शनिवारीच सामान भरून ठेवा. नळाचं पाणी पिता येतं, आणि रेस्टॉरंटमध्ये आग्वा देल ग्रीफो मागितलं की कायद्याने फुकट द्यावं लागतं.

भारतातून काय न्यावं तर तेलातला चिवडा, मेतकूट, मसाले, पोह्याचे पापड. काय नेऊ नये तर तूप, पेढे, बर्फी, पनीर, कारण युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, कस्टम्सला काढून घेतात. बाळाची दूध पावडर चालते.

सातवी पायरी: बॅग आणि औषधं

कपडे थरांचे, सकाळी १० डिग्री आणि दुपारी २५ असं एकाच दिवसात होतं. स्ट्रोलर हलका पण चाकं जरा मोठी, जुन्या गावांत सगळीकडे दगडी फरशी. गर्दीत स्ट्रोलरच्या दांड्याला पर्स अडकवू नका, खिसेकापू त्याच शोधात असतात. मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, देशाच्या कोडसकट.

औषधं आपलीच न्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. हे मी मुद्दाम सांगतेय कारण तिथे लहान मुलांचं तापाचं पॅरासिटामॉल १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अशा तीव्रतेचं मिळतं, आणि आपलं सिरप साधारण ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅमचं असतं. घरच्या अंदाजाने चमचाभर दिलं तर डोस दुप्पट-चौपट होईल. तिथलं घ्यावंच लागलं तर फार्मसीत मुलाचं वजन सांगा आणि त्यांनी दिलेल्या सिरिंजनेच मोजा. फार्मसीला हिरवा क्रॉस असतो, रात्री पाळीने एखादी उघडी असते, तिचा पत्ता बंद फार्मसीच्या दारावर लावलेला असतो. इमर्जन्सीला ११२.

आठवी पायरी: रोजचा दिवस

पहिले चार दिवस असे काढा. मुलं चारला उठली तर उठू दे, दूध, पुस्तकं, चित्रं, दिवा मंद. साडेआठला उजाडलं की बाहेर, तेव्हा रस्ते रिकामे आणि चुर्रोची दुकानं उघडी. नऊ-दहा ते एक, त्या दिवसाची एकच मोठी गोष्ट बघायची. पावणेदोनला जेवण. तीन ते पाच घरी, अख्खं गावच तेव्हा शटर ओढून असतं म्हणून आपलंही काही चुकत नाही, पण मुलांना दीड तासापेक्षा जास्त झोपू देऊ नका नाहीतर रात्र गेली. पाचनंतर चौक आणि उन्हात खेळ, संध्याकाळचं ऊन अंगावर पडलं की झोप पुढे सरकते. रोज अर्धा तास उशिरा झोपवत गेलात की पाचव्या दिवशी सेवियात मुलं नऊपर्यंत मजेत जागी असतात आणि मग एखादी रात्र तुम्हीही तिथल्यासारखी चौकात बसून काढू शकता. आम्ही लक्ष्मीपूजन तिथेच केलं, अपार्टमेंटमध्ये स्मोक अलार्म असतो म्हणून सेलवरच्या पणत्या नेल्या होत्या, प्रसादाला भाजलेल्या कास्तान्या आणि डाळिंब.

परतीच्या दिवशी माद्रिद एअरपोर्टला साडेतीन तास आधी पोचा. तुमचं विमान टी-फोर-एस या टर्मिनलमधून असेल तर चेक-इन टी-फोरला होतं आणि तिथून ड्रायव्हर नसलेल्या भुयारी ट्रेनने पुढे जायचं, पासपोर्टची लाईन त्या पलीकडे. वेळ हाताशी असेल तर मुलांना त्या ट्रेनच्या अगदी पुढच्या काचेपाशी उभं करा.